चिठ्ठी डॉक्टरांची, पाठपुरावा सिस्टरचा

मानसिक आजाराचे औषध शहरात सुरू होते. ते पुढे चालू राहते की सुटते, हे मात्र गावातल्या उपकेंद्रावर ठरते. तिथल्या परिचारिकेला या औषधांची माहिती किती आहे आणि ती किती ताजी आहे, यावर रुग्णाचे बरे होणे अवलंबून असते.

आलापल्लीच्या चौकातून एटापल्ली, भामरागड, सिरोंचा आणि अहेरीकडे रस्ते जातात, आणि एक रस्ता आष्टीमार्गे चंद्रपूर-गडचिरोलीकडे. या भागात कुणाची झोप उडाली, कुणी एकटाच बडबडू लागला, कुणी खाणेपिणे सोडून कोपरा धरला, की घरचे लोक बहुधा आधी पुजाऱ्याकडे जातात. तिथे गुण आला नाही तर एसटी धरतात. जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर आहे. विदर्भासाठीचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्याही पलीकडे. तिथे तपासणी होते, चिठ्ठी लिहिली जाते, महिनाभराच्या गोळ्या मिळतात आणि रुग्ण गावी परततो.

महिन्याचा हा एक दिवस डॉक्टरांचा झाला. उरलेले एकोणतीस दिवस रुग्ण गावात असतो. गोळीने तोंड कोरडे पडते, अंग जड होते, हात थरथरतात. शेजारी म्हणतात, ‘या गोळ्यांची सवय लागते.’ कधी पावसात नाला भरतो आणि गोळ्या संपतात. अशा वेळी विचारायला जवळचे माणूस म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर किंवा आशाताई. पुष्कळदा आजार पुन्हा उलटतो तो इथेच. औषध चुकीचे नसते. ते घेणे मध्येच सुटलेले असते.

कागदावर काय आहे?

भारताचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम ऑगस्ट १९८२ मध्ये स्वीकारला गेला. योगायोग असा, की चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो त्याच महिन्यात, २६ ऑगस्टला. मानसिक उपचार मोठ्या रुग्णालयांत अडकून न राहता प्राथमिक आरोग्य सेवेत यावेत, ही त्या कार्यक्रमामागची मुख्य कल्पना होती. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात तिचा प्रयोग झाला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम टप्प्याटप्प्याने देशभर सुरू झाला.

एवढ्या वर्षांनंतरही अंतर मोठे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये पाहिली गेली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि तेही शहरांत, हे त्याचे एक कारण. ते इतक्यात बदलणारे नाही. मग तज्ज्ञ नसलेल्या गावात औषधोपचार सुरक्षितपणे चालवायचा कसा, हा प्रश्न उरतो.

इंग्लंडने या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या मार्गाने शोधले. तिथे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना २००६ पासून जवळजवळ सर्व औषधे स्वतंत्रपणे लिहून देता येतात. त्यात मानसिक आरोग्य विभागातील परिचारिकाही आहेत. हा अधिकार मिळाला म्हणून त्यांचे शिक्षण थांबत नाही. आपले औषधज्ञान त्यांना सतत अद्ययावत ठेवावे लागते, आणि तशी अपेक्षा त्यांच्या नोंदणीशीच जोडलेली आहे.

आपल्याकडे परिचारिकेला मानसोपचाराची औषधे स्वतःच्या अधिकारात लिहून देता येत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात ‘समुदाय आरोग्य प्रदात्या’ला मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. त्यातही ठरावीक औषधे आणि तीही प्राथमिक व प्रतिबंधक सेवेपुरती. त्यापलीकडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असे बंधन आहे. उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले आणि सेवांच्या यादीत मानसिक आरोग्याचाही समावेश झाला. संशयित रुग्ण ओळखणे, त्याला डॉक्टरांकडे पाठवणे, डॉक्टरांनी सुरू केलेले औषध पुढे चालू राहील हे पाहणे, ही त्यांची कामे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आवश्यक यादीतील औषधे मोफत देण्याची हमी देतो. पण ती समुदाय आरोग्य केंद्र, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामीण रुग्णालय, आणि त्यावरच्या शासकीय संस्थांसाठी. सरकारी सेवेतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारांच्या प्राथमिक व तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण द्यावे, असेही हा कायदा सांगतो. उपकेंद्र या दोन्ही तरतुदींच्या खालच्या पायरीवर राहते. रोजचा रुग्ण मात्र त्याच पायरीवर बसलेला असतो.

म्हणजे लिहिण्याचे पेन सिस्टरच्या हातात नाही. गोळी हातात ठेवण्याचे, तिचा परिणाम पाहण्याचे आणि धोका ओळखण्याचे काम मात्र तिचेच आहे. त्यासाठी तिला नेमके काय माहीत हवे, ते काही उदाहरणांवरून पाहू.

मान वाकडी होते तेव्हा

हॅलोपेरिडॉलसारखे औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण रुग्णात, एकाएकी मान एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. पाहणाऱ्याला वाटते, अंगात आले. घरचे लोक घाबरून पुन्हा पुजाऱ्याकडे धावतात आणि गोळ्या कायमच्या फेकून देतात. हा औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिले, तर बहुधा अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते. पुढे ट्रायहेक्सिफेनिडिलच्या गोळीने किंवा औषधाची मात्रा बदलून तो टाळता येतो. ही गोष्ट सिस्टरने औषध सुरू होतानाच घरच्यांना सांगून ठेवली, तर उपचार वाचतो.

दुसरा दुष्परिणाम अधिक फसवा. रुग्णाला एका जागी बसवत नाही. तो सारखा येरझाऱ्या घालतो, पाय हलवतो, ‘आतून कसेतरी होते’ म्हणतो. वरवर पाहता वाटते, आजार वाढला. तसे समजून त्याच औषधाची मात्रा वाढवली, तर त्रासही वाढतो. ‘ही बेचैनी गोळी सुरू होण्याआधी होती का, नंतर आली?’ हा एक प्रश्न विचारून डॉक्टरांना कळवणारी सिस्टर त्या रुग्णाचा मोठा त्रास वाचवते.

पहिले तीन आठवडे

नैराश्यावरच्या एसिटालोप्रॅम किंवा फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होते. आधी त्रास आणि मग गुण, असा हा क्रम आहे. तापाच्या गोळीसारखा तासाभरात आराम अपेक्षित असलेला माणूस आठव्या दिवशी गोळी सोडतो, यात नवल नाही. ‘त्रास आठवड्याभरात कमी होईल, गुण तिसऱ्या आठवड्यात कळेल, तोवर मला दर आठवड्याला भेट,’ एवढे त्याच्या भाषेत सांगणे हेही औषधोपचाराचेच काम आहे. या सुरुवातीच्या काळात, विशेषतः तरुणांमध्ये, जीव देण्याचे विचार येतात का, हे थेट विचारावे लागते. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे.

बरे वाटू लागल्यावर गोळी एकदम बंद करणे हा दुसरा धोका. चक्कर, चिडचिड, झोप उडणे सुरू होते आणि काही महिन्यांत आजारही परत येऊ शकतो. अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या गोळ्या एकदम बंद केल्या, तर झटके लागोपाठ येऊन जीवावर बेतू शकते.

उन्हाळा आणि लिथियम

चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या पुढचे ऊन, आणि तोच तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटेपासून जंगलात पाने तोडणारा माणूस घामाने निथळतो. तो मनोदशेच्या चढउतारासाठी लिथियम घेत असेल, तर शरीरातले पाणी आणि मीठ कमी होताच रक्तातले लिथियम वाढते. जुलाब-उलट्यांनीही तेच होते. अंगदुखीसाठी घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळीही त्यात भर घालते. लिथियमची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे असते.

विषबाधेची लक्षणे म्हणजे हात मोठ्याने थरथरणे, पाय लटपटणे, जीभ जड होणे, उलट्या, गुंगी. मोहाची दारू घरोघरी ओळखीची असलेल्या भागात असा माणूस पाहिला की ‘प्यायलाय’ म्हणून लोक सोडून देतात. लिथियम घेणाऱ्याची चाल लटपटली, तर पुढची गोळी रोखून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचे आणि रक्तातील पातळी तपासता येईल अशा ठिकाणी पाठवायचे, हा नियम सिस्टरला पाठ हवा. दारू प्यायला आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा.

ताप आला की आधी रक्त

गडचिरोलीत मलेरियाचा विचार न करता मानसिक आजाराचा विचार करता येत नाही. ज्याला पूर्वी कधीही मानसिक त्रास नव्हता असा माणूस तापासोबत असंबद्ध बोलू लागला, माणसे ओळखेनासा झाला, तर तो मेंदूपर्यंत पोचलेला मलेरिया असू शकतो. तिथे मांत्रिक चालत नाही आणि झोपेचे इंजेक्शनही चालत नाही. आधी मलेरियाची तपासणी आणि तातडीने रुग्णालय.

याची दुसरी बाजूही आहे. क्लोझापीन हे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचे प्रभावी औषध आहे. ते क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी करते. हे औषध घेणाऱ्याला ताप किंवा घसादुखी झाली, तर मलेरियाच्या तपासणीबरोबर पांढऱ्या पेशींची मोजणीही त्याच दिवशी हवी. आणि मनोविकारावरची कोणतीही तीव्र औषधे घेणारा रुग्ण मोठ्या तापाने फणफणला, अंग लाकडासारखे ताठ झाले, घाम आणि गोंधळ दिसला, तर तो औषधाचाच दुर्मीळ पण जीवघेणा परिणाम असू शकतो. तिथे गोळी थांबवून रुग्णवाहिका बोलवायची असते.

बाईमाणसाची गोळी

व्हॅल्प्रोएट हे अपस्मार आणि मनोदशेच्या आजारावरचे नेहमीचे औषध. गरोदरपणात ते घेतल्यास सुमारे दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते. मेंदूच्या विकासावरही परिणाम होतो. मूल होण्याच्या वयातील मुली व स्त्रियांना हे औषध देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. ज्या सिस्टरचे प्रशिक्षण त्याआधी झाले, तिला हे कोण सांगणार?

कार्बामाझेपिनमुळे गर्भनिरोधक गोळीचा प्रभाव कमी होतो. म्हणजे एका हाताने ही गोळी आणि दुसऱ्या हाताने माला-डी देणाऱ्या सिस्टरला दोन्हींचा संबंध माहीत हवा. रिस्पेरिडोनने पाळी थांबू शकते. बाईला वाटते दिवस गेले, घरात कुजबुज सुरू होते आणि ती मुकाट्याने गोळी सोडते. हे डॉक्टरांना सहसा कळत नाही. गरोदर मातांची नोंद ठेवणाऱ्या, पाळणा लांबवायला मदत करणाऱ्या सिस्टरला ते विचारता येते आणि बाई तिला सांगतेही.

दारू सुटते तेव्हा

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तरी दारूचे आजार रुग्णालयात येतातच. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने अचानक दारू सोडली, की पहिल्या दोन दिवसांत हात कापतात, झटका येऊ शकतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, प्रचंड घाबरणे आणि भान हरपणे सुरू होते. बाळंतपणाला, अपघाताला किंवा मलेरियाला दाखल झालेल्या नातेवाइकासोबत आलेल्या माणसातही हे दिसू शकते. याला डायझेपामसारखे औषध लागते आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी द्यावे लागते. हा क्रम सांभाळणारी बहुधा सिस्टरच असते. हेच डायझेपाम झोपेसाठी महिनोन्महिने चालू राहिले, तर त्याचेही व्यसन लागते, हेही तिला ठाऊक हवे.

जंगलातल्या मुळ्यांबद्दलही मोकळेपणाने विचारायला हवे. सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होता. १९३१ मध्ये सेन आणि बोस या भारतीय वैद्यकांनी त्यावर निबंध लिहिला आणि १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले गेले. हीच सर्पगंधा रक्तदाब खाली आणते आणि मन उदासही करते. गोळ्यांसोबत मुळी चालू आहे का, हा प्रश्न टिंगल न करता विचारला, तरच खरे उत्तर मिळते.

एकदाच शिकवून भागत नाही

हे सगळे परिचारिकांना सांगितले जात नाही, असे नाही. त्यांची प्रशिक्षणे होतात. अडचण अशी, की एकदा दोन-तीन दिवस सभागृहात बसवून पडद्यावर भराभर दाखवलेली माहिती सहा महिन्यांनी आठवत नाही, आणि रुग्ण येतो तो सहा महिन्यांनीच. दरम्यान बदली होते. पुरवठ्यात दुसऱ्या कंपनीची गोळी येते. पांढऱ्याची पिवळी होते आणि रुग्ण म्हणतो, ‘ही माझी नाही.’ सूचनाही बदलतात, व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत बदलल्या तशा.

यावर चालणारा मार्ग आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘एको’ पद्धत सुरू केली. मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञ आणि दूरच्या केंद्रांतील कर्मचारी ठरलेल्या वेळी पडद्यावर भेटतात, कर्मचारी आपला खरा रुग्ण मांडतात आणि सगळे त्यावरून शिकतात. बंगळुरूच्या निम्हान्सने ही पद्धत मानसिक आरोग्यासाठी आपल्याकडे आणली. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये निम्हान्सने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना याच रीतीने मार्गदर्शन केले. ही सोय सिस्टरपर्यंत का पोचू नये?

स्थानिक कर्मचाऱ्यांवर विश्वास टाकता येतो, याचा पुरावा जवळच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण आणि तज्ज्ञांचा आधार मिळाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाले. माणसे विदर्भातलीच होती. फरक पडला तो सातत्याच्या आधाराने.

आलापल्लीसारख्या ठिकाणी हे अगदी साध्या स्वरूपात करता येईल. महिन्यातून एक तास, कामाच्या वेळेतच, आसपासच्या उपकेंद्रांच्या सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी एकत्र बसावे. प्रत्येकीने एक रुग्ण मांडावा आणि जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी फोनवरून किंवा पडद्यावरून उत्तरे द्यावीत. दर महिन्याला एकच औषध घ्यावे. त्याच्या धोक्याच्या खुणा एका कार्डावर लिहून भिंतीवर लावाव्यात. रुग्णाला सांगायची दोन-चार वाक्ये माडिया, तेलुगू आणि बंगाली भाषांत तिथेच बसवून घ्यावीत, कारण अहेरी, सिरोंचा, मुलचेरा या भागांत नुसत्या मराठीवर भागत नाही. परिचारिकांच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी सातत्य शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. हा तास त्यात धरला, तर त्यासाठी शंभर किलोमीटरचा प्रवास आणि रजा दोन्ही वाचतील.

दोन अटी मात्र पाळायला हव्यात. सिस्टरने स्वतःहून मात्रा बदलू नये, हे जितके पक्के, तितकेच तिने फोन केला तर पलीकडे उचलणारा डॉक्टर असणे पक्के हवे. जबाबदारी खाली ढकलून अधिकार वर ठेवला, तर सिस्टर पुढच्या वेळी धोका दिसूनही गप्प बसेल. आणि कपाटात गोळ्याच नसतील, तर उत्तम शिकलेली सिस्टरही काही करू शकत नाही. औषधांचा पुरवठा आणि शिक्षण जोडीनेच चालले पाहिजेत.

घरच्यांसाठी

तुमच्या घरी कुणी मानसिक आजाराची गोळी घेत असेल, तर चिठ्ठी आणि गोळ्यांचे पाकीट घेऊन जवळच्या उपकेंद्रात एकदा जा आणि सिस्टरला दाखवा. चार गोष्टी विचारा: गुण केव्हा दिसेल? कोणता त्रास झाला तर लगेच यायचे? ताप, जुलाब, उन्हातले काम, दिवस जाणे किंवा दुसरी गोळी यांत काय जपायचे? गोळ्या संपायच्या किती दिवस आधी कळवायचे? बरे वाटले म्हणून किंवा त्रास झाला म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. रात्री-अपरात्री काही सुचले नाही, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते, ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

आणि सिस्टर म्हणाली, ‘मला हे नक्की माहीत नाही, डॉक्टरांना विचारून सांगते,’ तर तिच्यावरचा विश्वास कमी करू नका. या औषधांच्या बाबतीत असे विचारणारी सिस्टर गावात असणे रुग्णाच्या फायद्याचे आहे. तिला विचारायला जागा आणि शिकायला वेळ देणे हे आमचे, म्हणजे आरोग्यव्यवस्थेचे काम आहे.